घंटेचा खिळा

आमच्या समोरच्या घरात दोन माणसं दिवसभर तोंडात लोखंड धरून बसलेली असतात, आणि म्हणूनच त्या घरातून भांडण ऐकू येत नाही, असं माझं जुनं मत आहे. नवरा गाद्या, खुर्च्या, सोफे भरून देतो. त्याच्या ओठांत चुका, म्हणजे ते बारीक, चपट्या डोक्याचे खिळे. बायको लोकांचे कपडे आखडून-उसवून नीट करून देते. तिच्या ओठांत टाचण्या. काही बोलायचं तर आधी तोंड रिकामं करावं लागतं, आणि तोवर निम्मा राग ओसरतो. मी हा उपाय माझ्या नवऱ्याला सुचवला होता. तो म्हणाला, तू आधी सुरू कर, मला लगेच गुण येईल.

ही गोष्ट त्या बायकोची. गल्लीत तिला टाचणीबाई म्हणतात, पण तिच्या पाठीमागे. तोंडावर म्हणणारी मी एकटी. तीही मला भोंगा म्हणते, तेव्हा फिटंफाट. माझं दुकान बटणं, हुका, चेनी आणि दोऱ्यांचं, तिच्या दाराच्या अगदी समोर. तिच्या घरात कोण आलं, कोण गेलं, कोण किती वेळ बसलं हे मला गिऱ्हाइकाचे पैसे मोजता मोजता कळतं. मुद्दाम कोण बघतंय.

त्या घरात एक पितळी हातघंटा आहे. स्वयंपाकघराच्या दारालगत खिळ्यावर टांगलेली, मुठीला लोंबणारी चामड्याची वादी, ती ओढली की वाजते. नवऱ्याने एका जुन्या खुर्चीच्या उरलेल्या कातड्यातून ती कापलेली. ही घंटा जेवायला बोलवायला नाही, पाहुण्यासाठी नाही. ती फक्त प्रार्थनेची. दिवसातून एकदा वाजते, पण कधी वाजेल ते कुणाला ठाऊक नसतं. तीच तर गोम होती. घंटा झाली की हातात असेल ते आहे तिथे ठेवायचं आणि यायचं. वाक्य अर्धं असेल तर अर्धंच सोडायचं. घास तोंडात असेल तर गिळायचा, ताटात असेल तर राहू द्यायचा.

मी एकदा विचारलं होतं, बाई गं, हे चर्च आहे का अग्निशमन दल. ती टाचण्या काढून शांतपणे म्हणाली की देवाची हाक आणि घरच्यांची हाक एकाच वेळी आली, तर माणूस घराकडेच वळतो, कारण घराची सवय असते. माझ्या मुलींना दुसरी सवय लागू दे. पुढे तिने टाचण्या परत ओठांत घेतल्या, म्हणजे विषय संपला.

मुली दोन. थोरली आठ-नऊ वर्षांची असताना मी माझ्या दुकानाच्या पायरीवर बसवून तिचे कपाळावरचे केस कापत होते. निम्मे झाले आणि घंटा वाजली. पोरगी उठली ती थेट गेली. प्रार्थना संपेस्तोवर माझी कात्री घेऊन मीच कुठेतरी गप्पा मारायला निघून गेले होते, आणि दुसऱ्या दिवशी रविवार. चर्चमध्ये ती अर्ध्या भुवईवर केस आणि अर्धं कपाळ उघडं अशी पहिल्या बाकावर बसली, आणि तिच्या शेजारी आई, जणू तशीच पद्धत आहे. पाळकांचं उपदेशात लक्ष लागेना असं म्हणतात. म्हणतात म्हणजे मी म्हणते.

प्रार्थनेची तऱ्हा अशी. चौघं मधल्या खोलीत गोल उभे राहायचे. धाकटीने सुरुवात करायची, मग थोरली, मग बाप, शेवटी आई. प्रत्येकाने मोठ्याने बोलायचं, पाठ केलेलं नाही, मनात त्या घटकेला असेल ते. आणि तिथे खोटं बोलायचं नाही. आईबापाशी एखादी थाप मारलीस तर एक वेळ चालेल, असं टाचणीबाई मुलींना सांगायची, आम्ही फसणारी माणसं आहोत. त्याच्याशी मारायची नाही. धाकटीने एकदा सगळ्यांदेखत देवाला सांगितलं होतं की ताईची नवी रिबीन मीच गटारात टाकली आणि मला अजून वाईट वाटत नाहीये. तिला शिक्षा झाली नाही. रिबीन मात्र माझ्या दुकानातून नवी गेली.

घंटेचा मान एवढा, की नवरा छपरावरून शिडीसकट खाली आला तेव्हाही बाई रस्त्यावर धावत येऊन माझं नाव घेऊन ओरडली, पण दाराजवळच्या घंटेला हात लावला नाही. ती घरच्या कामाची नव्हे.

हे खूळ तिच्या डोक्यात कुठून आलं ते तिनेच एकदा मला सांगितलं होतं, अस्तराचा रंग जुळवता जुळवता. ती एकोणीस-वीसची असताना तिला लांबच्या एका मिशनच्या शाळेत शिकवायला जायचं होतं. मनापासून. बोलावणंही आलं होतं. जायची पेटी भरली की तिच्या आईच्या छातीत कळ यायची. पेटी रिकामी केली की कळ थांबायची. असं तीनदा झालं. चौथ्यांदा कुणी बोलावलं नाही. ती आई पुढे खणखणीत तब्येतीत नव्वदी गाठून गेली, आणि शेवटपर्यंत सांगत राहिली की लेकीने माझ्यासाठी केवढं सोडलं. टाचणीबाईने हे सांगितलं ते हसत, पण हातातलं अस्तर तिने असं चुरगाळलं होतं की मला ते पुढे स्वस्तात द्यावं लागलं. म्हणाली, मी माझ्या पोरींच्या पायात माझं दुखणं घालणार नाही. कधीच नाही.

हे वाक्य लक्षात असू द्या.

थोरली शिकून नर्स झाली. इथल्या इस्पितळात कामाला लागली, सगळ्यांची लाडकी, पावलांचा आवाज न करता चालणारी. आणि गेल्या वर्षी तिला बोलावणं आलं. डोंगरांपलीकडे, जिथे रस्ता संपतो तिथे एक मिशनचा दवाखाना आहे. डॉक्टर महिन्यातून एकदा येतो, बाकीचे दिवस नर्सच सर्व काही. तिथली म्हातारी नर्स निवृत्त होत होती. थोरलीने हो म्हणून टाकलं, मग घरी सांगितलं. घरात कुणी ब्र काढला नाही. काढणार कसा, या उत्तरासाठीच तर इतकी वर्षं घंटा वाजवली होती. आईने त्याच दिवशी तिच्यासाठी पांढऱ्या कापडाचे अॅप्रन बेतायला घेतले. जाड कापड, दुहेरी शिवण. तिथे धुवायला दगड असतील, म्हणाली.

आठवड्याभरात बाई माझ्या दुकानात आली. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. हुका मागितल्या. मी पाकीट दिलं. ती ते हातात धरून उभी राहिली आणि मला म्हणाली की तुला एक सांगायचंय, ते तुझ्यापाशीच राहिलं पाहिजे.

मी खरोखर मागे वळून बघितलं, की माझ्या मागे दुसरं कोणी उभं आहे का. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे या गल्लीतली मांजरंही जाणतात. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात त्या ह्या.

तिने सांगितलं. उजव्या छातीत गाठ. तपासून झालं होतं, शहराच्या दुसऱ्या टोकाच्या दवाखान्यात, थोरलीच्या इस्पितळात नाही. चांगली गाठ नव्हती. डॉक्टर म्हणत होते लवकर कापून काढू. हिने तारीख मागून घेतली होती, थोरली गेल्यानंतरची.

"आणि ते थांबायला तयार झाले?"

"नाही. रागावले. मी त्यांना सांगितलं, घरात कार्य आहे."

"तुझ्या नवऱ्याला?"

"ठाऊक आहे. तो काही बोलत नाही."

"तो कधी बोलतो."

ती हसली नाही. म्हणाली, "पोरीला कळलं तर ती जाणार नाही. मग माझ्यात आणि माझ्या आईत फरक काय राहिला? शपथ घे, भोंग्या."

मी घेतली. हुकांचे पैसे घ्यायलाही विसरले.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. दुकानात कोणी बसलं की पोटातून गाठ हा शब्द वर यायचा, आणि मी तो गिळून हवेबद्दल बोलायचे. लोक विचारू लागले, बरं नाही का. माझ्या नवऱ्याने कपाळाला हात लावून ताप पाहिला. थोरली स्वतः दोनदा येऊन गेली. मावशी, रक्तदाब बघू का, म्हणाली. माझ्या दंडाला पट्टा गुंडाळून ती आकडा बघत होती आणि मी छताकडे. आकडा चांगला नव्हता. चांगला कसा असेल.

समोर तर त्याहून कठीण. बाई अॅप्रन शिवत होती, पण कात्री डाव्या हातात धरायला लागली होती, उजवा हात उचलला की ओढ बसायची म्हणून. डाव्या हाताने कापलेलं कापड वाकडं जायचं, मग ती परत बेतायची. नवऱ्याने एका गिऱ्हाइकाच्या सोफ्यावर फुलांचं कापड उलटं ताणून ठोकलं. सगळ्या फुलांचे देठ वर. गिऱ्हाईक ओरडून गेलं, हा उभा राहिला, तोंडातल्या चुका एकेक काढून तळहातावर ठेवत. धाकटी कॉलेजातून यायची, घरातल्या दोन दगडांकडे बघायची आणि माझ्याकडे येऊन बसायची. तिलाही काही कळेना. एवढंच म्हणायची, मावशी, ताई गेल्यावर मी या दोघांशी बोलू काय.

आणि प्रार्थना? तेही मी विचारलंच. टाचणीबाई म्हणाली की ती हल्ली शेवटी फक्त आमेन म्हणते. त्यात खोटं काही नाही.

पण एक गोष्ट मला खटकत होती. बाई दर दोन-तीन दिवसांनी दुकानात यायची. कधी दोरा, कधी एकच बटण. आणि जाताना विचारायची, "कुणाला बोलली नाहीस ना?" मी छाती पुढे काढून म्हणायचे, अवाक्षर नाही. ती मान हलवायची आणि रस्ता ओलांडून जायची, हळूहळू. पहिल्यांदा वाटलं, बरं वाटलं असेल. तिसऱ्यांदा वाटलं, हिचे खांदे का पडले.

जायचा दिवस उजाडला. दवाखान्याची गाडी सकाळी यायची होती, औषधांची खोकी घेऊन, तिच्यातच थोरली जाणार. मी दुकान उघडलंच नाही, त्यांच्याकडे गेले. मधल्या खोलीत बॅग भरून ठेवलेली. वर अॅप्रनांची घडी, कडक इस्त्री केलेली. बाप बॅगेचा पट्टा तिसऱ्यांदा तपासत होता. त्याने तो स्वतः शिवला होता, बैलाने ओढला तरी तुटला नसता. धाकटी पावाचा तुकडा हातात धरून उभी, खात नव्हती. थोरली सगळ्यांकडे बघून बघून हसत होती, आणि प्रत्येक वेळी आईच्या चेहऱ्यापाशी तिचं हसू अडखळत होतं.

गाडी आली. दाराशी थांबली. ड्रायव्हरने भोंगा दिला. खरा भोंगा, मी नव्हे.

टाचणीबाई माझ्याजवळ येऊन पुटपुटली, "कुणाला बोलली नाहीस."

ह्या खेपेला शेवटी 'ना' नव्हतं. प्रश्न नव्हताच तो. मी तिच्याकडे बघितलं, आणि माझ्या डोक्यात उशिरा का होईना प्रकाश पडला. अख्ख्या गल्लीत पोटात गोष्ट ठेवणारी माणसं कमी नव्हती. पाळकांची बायको तर विहीर आहे, टाकाल ते बुडतं. त्यांना सोडून ही माझ्याकडे आली होती. पोरीला थांब म्हणणं तिच्याने होणार नव्हतं, तोंडातली सगळी लोखंडं काढून टाकली तरी. तिने मला सांगितलं होतं ते मी सांगावं म्हणून. तिला स्वतःलाही हे ठाऊक असेल-नसेल. आणि मी, उभ्या जन्मात पहिल्यांदा, शब्दाला जागले होते.

आता बोलावं तर शपथ मोडते, गप्प बसावं तर गाडी जाते. थोरलीने बॅग उचलली होती. मी स्वयंपाकघराच्या दाराशी होते. खिळा माझ्या खांद्यापाशी.

मी घंटा वाजवली.

पुढे जे झालं ते सवयीने झालं. थोरलीच्या हातातली बॅग खाली पडली, ती बापाच्या अंगठ्यावर. धाकटीने पाव खिडकीत ठेवला. बाप लंगडत आला. चौघं गोल उभे राहिले. टाचणीबाईने माझ्याकडे अशी नजर टाकली की मी दोन पावलं मागे सरून भिंतीला टेकले. पण ती रिंगणात उभी राहिली. घंटा कुणी वाजवली हे विचारायची त्या घरात पद्धत नाही.

धाकटी म्हणाली की प्रभू, मला ताईचा राग येतोय आणि अभिमानही वाटतोय, यातलं काय ठेवू ते सांग. मग थोरली. तिने डोळे मिटले होते. आवाज रोजचा होता, इस्पितळात रोग्याशी बोलताना असतो तसा.

"प्रभू, मला जायचंय. घरात काहीतरी माझ्यापासून लपवलेलं आहे हे मला दिसतं. आई डाव्या हाताने कापते. मी विचारलं नाही. उत्तर मिळालं तर पाय निघणार नाही म्हणून विचारलं नाही. हे विश्वासाने नाही केलं, भीतीने केलं."

बापाची पाळी आली. तो म्हणाला, "तुला ठाऊक आहे. मला बोलता येत नाही." तेवढंच.

मग आई. बाहेर ड्रायव्हरने पुन्हा भोंगा दिला. आमेन म्हणून ती सुटू शकत होती. मला वाटलं तेच करणार. तिचे ओठ मिटलेले होते, टाचण्या असतात तसे, पण टाचण्या नव्हत्या.

"मला गाठ झाली आहे," ती म्हणाली. "मी मरेन अशी भीती वाटते. पोरगी जावी असं मी रोज म्हणते आणि रोज मला वाटतं की ती राहावी. दोन्ही खरं आहे. मी माझ्या आईसारखी झाले."

आमेन म्हणायचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

थोरलीने डोळे उघडले आणि विचारायला लागली. कधी कळलं. केवढी आहे. काखेत काही लागतं का. कोण डॉक्टर. तारीख केव्हाची. आई उत्तरं देत गेली, शाळेत उभं केल्यासारखी. मग थोरली बाहेर गेली. ड्रायव्हरला खोकी न्या म्हणाली, मी या खेपेला नाही. जागा राहील का ते तिने विचारलं. तो म्हणाला, म्हातारीने सामान बांधलंय, थोडे दिवस थांबेल, किती ते देव जाणे. गाडी गेली.

टाचणीबाई भांडली, आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने. हेच नको होतं मला, म्हणाली, माझ्या आईने केलं तेच माझ्या हातून झालं.

थोरली अॅप्रनांची घडी बॅगेतून काढत होती. ती म्हणाली, "आजीने दुखत नसताना दुखतंय म्हटलं. तू दुखत असताना नाही म्हटलंस. मुलीला विचारायचं मात्र दोघींनीही टाळलंत."

बाईने एक अॅप्रन तिच्या हातातून घेतला आणि पुन्हा घडी घालायला लागली. 

शस्त्रक्रिया लगेच झाली, थोरलीच्याच इस्पितळात. आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो होतो. बाकाचं रेक्झिन फाटलेलं, आत स्पंज दिसत होता. बाप सारखा ते फाटकं टोक बोटाने आत सारत होता. शेवटी त्याने खिशातून सुई काढली आणि तिथेच वाकून शिवायला बसला. शिपायाने बघितलं आणि पुढे गेला. शिवण संपली तरी आतून कुणी बाहेर आलं नव्हतं. मग त्याने ती उसवली आणि पुन्हा घातली.

गाठ निघाली, छाती गेली. काखेतलंही थोडं काढावं लागलं. डॉक्टर म्हणाले, आणखी औषधं घ्यावी लागतील, मग तपासत राहू. तपासत राहू म्हणजे काय हे मी थोरलीला विचारलं. ती म्हणाली, म्हणजे तपासत राहू, मावशी.

घरी आली तेव्हा बाईचा उजवा हात खांद्याच्या वर जाईना. आखडला होता. शिंपिणीचा उजवा हात. थोरलीने तिला भिंतीसमोर उभं केलं आणि बोटं भिंतीवरून चढवायला लावली, मुंगीसारखी, रोज थोडी वर. चेहऱ्यावरून कळायचं किती दुखतंय. आवाज नाही. त्या घरात आवाज नसतोच.

एके दिवशी ठोकाठोक ऐकू आली म्हणून मी गेले. थोरलीने घंटेचा खिळा उपटला होता आणि बापाची हातोडी घेऊन तो वर ठोकत होती, बराच वर. माझ्यासारख्या बुटक्या बाईचा हात पोचणार नाही इतका. मी म्हटलं, हे माझ्यासाठी का. ती म्हणाली, थोडं तुमच्यासाठीही. मग आईकडे वळली.

"दवाखान्यातून निरोप आलाय. म्हातारी अजून थांबली आहे. तुझा हात घंटेला लागला, तुझी तू वादी ओढलीस, की मी जाईन. त्याआधी नाही. आणि त्यानंतर मी थांबणार नाही, तू थांब म्हटलंस तरी."

"तोवर तिथे दुसरी कोणी आली तर?"

"तर आली."

घंटा मग वाजेनाशी झाली. प्रार्थना व्हायची, पण धाकटी सगळ्यांना हाक मारून गोळा करायची.

मी रोज बघत होते. बाईची बोटं चढत होती. खुर्चीच्या पाठीपर्यंत, मग खिडकीच्या चौकटीपर्यंत, मग तसबिरीपर्यंत. तसबिरीच्या वर एक वीत गेली की वादीचं टोक. तिथे गाडी अडली. दिवसामागून दिवस बोटं तसबिरीपर्यंत जायची आणि खाली यायची. थोरली शेजारी उभी असायची. ओढ बसते का, विचारायची. आई मान हलवायची, बसते. थोरली आणखी काही विचारत नसे, पण दवाखान्याचा फोन वाजला की तिच्या मानेची शीर ताठ व्हायची ते मला दुकानातून दिसत होतं. म्हातारी नर्स आता आठवड्याची भाषा बोलायला लागली होती.

आणि बाईचा जीव दुहेरी टांगणीला. हात चढला तर पोरगी जाते. नाही चढला तर हात गेला, धंदा गेला, वर पोरीचीही वाट अडली. ती खायची कमी, उठायची लवकर. तिच्या खिडकीत दिवा दिसायचा, आणि त्या दिव्यात ती भिंतीकडे तोंड करून नुसती उभी असायची.

मला वाटलं होतं, खरंच अडला असेल हात. मग माझ्या दुकानाचा पडदा आला. जुना फाटला म्हणून मी तिला नवा शिवायला दिला होता, तिला काम सुरू झाल्यासारखं वाटावं म्हणून. ती तो घेऊन आली तेव्हा मी मागे खोकी लावत होते. बाहेर आले तर बाई स्टुलावर नाही, जमिनीवर उभी, आणि दोन्ही हातांनी दांडी वरच्या खुंटीत बसवते आहे. दोन्ही हात सरळ वर. तोंडात टाचण्या.

माझी चाहूल लागली तसा उजवा हात खाली आला. चटकन.

मी कधी नव्हे ते शब्द तोलून घेतले. पडद्याची चुणी नीट केली आणि म्हटलं, "आमच्या पडद्याची दांडी तुमच्या घंटेपेक्षा उंच आहे हं, टाचणे."

तिने टाचण्या एकेक काढल्या. मी वाट बघितली. ती म्हणाली, "परत कधी तपासायला बोलावलंय माहीत आहे ना. काही निघालं आणि ती तिकडे असली तर?"

"तर आम्ही आहोत की."

"तू आहेस. भोंगा." ती पडद्याकडे बघत होती. "माझ्या आईची कळसुद्धा पहिल्या वेळी खरी असेल गं. मला आता वाटतं. पहिल्या वेळी खरीच असणार."

पडद्याचे पैसे न घेता ती गेली. रस्ता ओलांडताना एकदा थांबली, गाडी येत नव्हती तरी.

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरली माझ्या दुकानाच्या पायरीवर माझे केस कापत होती. इस्पितळातून तिला सुट्टी होती, आणि मानेवरचे केस वाढून मी तंबूसारखी दिसते असं तीच म्हणाली होती. तिचा हात हलका. डावी बाजू झाली. कात्री उजव्या कानापाशी आली होती आणि मी तिला विचारत होते की तिथे डोंगरात नर्सला गप्पा मारायला कोण असतं.

समोरून घंटा वाजली.

एकदाच नाही. थांबून, पुन्हा. वादी ओढणाऱ्या हाताला ओढ बसत होती, ते आवाजातच कळत होतं, पण तो ओढत होता.

थोरलीने कात्री पायरीवर ठेवली. माझ्या खांद्यावरचे केस झटकले नाहीत. ती गेली, रस्ता न बघता, आठ-नऊ वर्षांची असताना गेली होती तशी. मी मानेभोवती फडकं गुंडाळून तिथेच बसले. त्यांच्या दारातून आधी धाकटीचा आवाज आला, मग थोरलीचा, मग बापाचा, आणि मग पाळी बाईची होती.

उरलेले केस कापायला ती परत आली नाही. बॅग भरायची होती. औषधं न्यायला आलेली दवाखान्याची गाडी दुपारीच निघणार होती. मी तशीच, एका बाजूने आखूड आणि एका बाजूने लांब, निरोप द्यायला रस्त्यावर उभी राहिले. टाचणीबाई माझ्या शेजारी होती. गाडी वळणाआड जाईपर्यंत तिने उजवा हात वर धरून ठेवला.